एआय एक्स-रे वाचायला लागलं, मग ‘श्वास रोखा’ कोण म्हणणार?

७ डिसेंबर २०२४ ला हरियाणातल्या पंचकुलामधून केंद्र सरकारने टीबीविरोधात १०० दिवसांची मोहीम सुरू केली. देशातले ३४७ जिल्हे, वस्त्यांमध्ये जाणारी पथकं, हातात धरता येणारी एक्स-रे मशीन आणि फोटो निघाल्यावर लगेच निकाल सांगणारं एआय. तेव्हापासून माझ्या फोनवर एकाच प्रकारच्या रील्स येतायत. मोठ्या कॅमेऱ्यासारखं मशीन, छातीसमोर धरलं, टिक केलं, आणि स्क्रीनवर फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात लाल-पिवळा ढग. खाली कॅप्शन असतं, ‘आता रेडिओलॉजिस्टची गरज नाही’. ते बघून ओळखीतला कुणीतरी मला विचारतोच, ‘ताई, मग तुमची नोकरी गेली का?’

मी भिवंडीत एक्स-रे टेक्निशियन आहे. सरकारी भाषेत क्ष-किरण तंत्रज्ञ. रिपोर्ट लिहितो तो रेडिओलॉजिस्ट, तो डॉक्टर असतो. मी फोटो काढणारी. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो, आणि या सगळ्या चर्चेत नेमका तोच महत्त्वाचा आहे. म्हणून आधी एआय काय करतं ते बघू, मग नोकरीचं.

ढग म्हणजे टीबी नव्हे

टीबीसाठी वापरलं जाणारं एआय छातीचा एक्स-रे घेतं आणि त्याला एक आकडा देतं. काही कंपन्या ० ते १ देतात, काही ० ते १००. आकडा जितका मोठा, तितका हा फोटो टीबी असलेल्यांच्या फोटोंसारखा दिसतोय, एवढाच त्याचा अर्थ. आकड्याच्या कुठल्या रेषेपुढे माणसाला ‘संशयित’ म्हणायचं, हे मोहीम चालवणारे ठरवतात. एआय ठरवत नाही.

ट्रूकॉलर आठवा. अनोळखी नंबर लाल करायचा की नाही, याची रेषा कुठेतरी ओढावी लागते. रेषा कडक ठेवली तर डिलिव्हरीवालाही स्पॅम दिसतो (आमच्या भिवंडीत गोदामंच इतकी आहेत की अर्धं गाव स्पॅम ठरेल). सैल ठेवली तर लोन विकणारा निसटतो. एक्स-रेचंही तसंच. रेषा खाली आणली तर कमी रुग्ण सुटतात, पण धडधाकट माणसंही थुंकी तपासणीच्या रांगेत उभी राहतात. वर नेली तर रांग कमी होते, पण एखादा खरा रुग्ण घरी परत जातो आणि खोकत राहतो. ही रेषा प्रत्येक भागात तिथल्या लोकांवर तपासून मगच ठरवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लॅपटॉपवर जी रेषा आयती आली तीच सगळीकडे चालवणं सोपं असतं, म्हणून मोह तोच होतो.

याच संघटनेने मार्च २०२१ मध्ये पहिल्यांदा सांगितलं, की १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांत टीबीच्या प्राथमिक चाळणीसाठी माणसाऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचला तरी चालेल. त्या वेळी ज्या तीन सॉफ्टवेअरची माहिती तपासली गेली त्यात एक आपल्या मुंबईतल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं होतं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण शब्द नीट वाचा: प्राथमिक चाळणी. टीबी आहे की नाही हे ठरतं थुंकीत जंतूंचा अंश सापडला की नाही यावरून. त्यासाठी वापरली जाणारी ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातल्या मोलबायो कंपनीची. म्हणजे फोटो वाचणारं सॉफ्टवेअर मुंबईचं, पक्कं करणारी चाचणी गोव्याची, आणि यांच्या मधे माणसाला उभं करून नीट फोटो काढणारी मी.

मग सरळ थुंकीच का नाही तपासायची, एक्स-रे हवा कशाला? कारण टीबी झालेल्या प्रत्येकाला खोकला असतोच असं नाही. देशात २०१९ ते २०२१ मध्ये टीबीचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. फक्त लक्षणं विचारली असती आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते असं त्यात दिसलं. १०० दिवसांच्या मोहिमेतही सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार ७.१९ लाख रुग्णांची नोंद झाली आणि त्यातल्या २.८५ लाखांना लक्षणंच नव्हती. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. या सगळ्यांचे फोटो वाचायला लागतील इतके रेडिओलॉजिस्ट आपल्याकडे नाहीत, आणि जे आहेत ते भिवंडीच्या यंत्रमागाच्या गल्लीत येऊन बसणार नाहीत. इथे लूमवर काम करणारा मुलगा खोकला आला तर ‘कापसाची धूळ आहे’ म्हणून सोडून देतो. दहा-बारा जण एका खोलीत पाळीपाळीने झोपतात. अशा ठिकाणी एआयवाला एक्स-रे पोहोचणं ही चांगलीच गोष्ट आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती पुढच्या वाक्याबद्दल. ‘एआय आहे ना, मग फोटो कुणीही काढेल.’

कुणीही काढलेला फोटो

तुमच्या फोनचा कॅमेरा फोटो काढण्याआधीच शंभर गोष्टी सावरतो. चेहरा ओळखतो, फोकस लावतो, हात हलला तर सांभाळून घेतो. एक्स-रेमध्ये यातलं बरंचसं माणसाला करावं लागतं, आणि एकदा बटण दाबलं की ते किरण त्या माणसाच्या अंगातून गेलेले असतात. रीटेक म्हणजे पुन्हा किरण.

छातीचा साधा फोटो घ्या. पेशंट डिटेक्टरला छाती लावून उभा राहतो, किरण पाठीतून येतात. असं उभं करतात कारण हृदय पुढच्या बाजूला असतं, ते डिटेक्टरच्या जवळ राहिलं की सावली कमी फुगते. हनुवटी वर, खांदे पुढे, कारण खांद्यामागची फऱ्याची हाडं फुप्फुसावर येता कामा नयेत. मग दीर्घ श्वास, आणि रोखून धरायचा. श्वास अर्धवट असेल तर फुप्फुसाचा खालचा भाग पांढुरका दिसतो आणि हृदय मोठं वाटतं. श्वास नीट घेतला की नाही हे आम्ही फोटोवर मागच्या बरगड्या मोजून बघतो. साधारण दहा दिसल्या की चांगलं. माणूस थोडा वाकडा उभा असेल तर गळ्याखालच्या दोन हाडांची टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर दिसत नाहीत, आणि एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं येतं.

आता हे सगळं भिवंडीत करा. रांगेत पहिला माणूस उत्तर प्रदेशचा, त्याला ‘सांस अंदर लो, रोको’. पुढची बाई मालेगावची, दखनी बोलणारी. तिच्यामागे पद्मशाली समाजातले आजोबा, त्यांना तेलुगूत सांगितलं की चेहरा खुलतो: ‘गाली पील्चंडी… आपंडी.’ चार भाषांत श्वास रोखायला सांगता येणं हे माझ्या डिप्लोमात कुठेच नव्हतं. आजोबांना ऐकू कमी येत असेल तर मी स्वतः छाती फुगवून दाखवते. ते हसतात, हसले की श्वास सुटतो, मग परत.

आणि वस्तू. ताईत, माळा, ब्लाऊजचे हूक, शर्टाच्या खिशातलं नाणं. काळ्या दोऱ्यातला धातूचा ताईत कधी फुप्फुसातल्या गाठीसारखा दिसतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेणी. घट्ट विणलेली, त्यात तेल, वर रबर, आणि ती खांद्यावरून पुढे आलेली असेल तर फुप्फुसाच्या वरच्या टोकावर एक अस्पष्ट पांढरा पट्टा उमटतो. मोठ्यांमधला टीबी बहुतेक वेळा त्याच वरच्या टोकाला सुरू होतो. सॉफ्टवेअरला फक्त पांढरा पट्टा दिसतो. बाईचे केस लांब आहेत हे मला दिसतं, मी वेणी वर बांधायला सांगते. तो काढायला बायकांना आडोसा लागतो, बुरखा असेल तर कपडे बदलायला जागा लागते, आणि शक्यतो समोर बाई लागते. वस्तीतल्या शिबिरात मशीन साडेतीन किलोचं आलं म्हणजे हा आडोसाही पेटीतून येतो असं नाही.

चांगली सॉफ्टवेअर खराब फोटो नाकारतात, हे खरं. पण नाकारला म्हणजे रीटेक. आणि जे नाकारत नाहीत ते त्या खराब फोटोला मोठ्या आत्मविश्वासाने आकडा देतात.

जुने डाग आणि जुने सैनिक

या विषयावर वाचताना मला सगळ्यात कामाची गोष्ट सापडली ती सैनिकांच्या हॉस्पिटलांत. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारची वेगळी हॉस्पिटलं आहेत. त्यातलं बाल्टिमोर शहरातलं हॉस्पिटल १९९३ मध्ये फिल्मशिवाय चालायला लागलं, आणि अशा तऱ्हेने चालणारं ते त्या देशातलं पहिलं मानलं जातं. आपल्याकडे तेव्हा स्मार्टफोन सोडा, बहुतेक घरांत लँडलाइनही नव्हता. तिथे एक्स-रे थेट कॉम्प्युटरवर दिसायला लागला. फिल्म हरवणं, एका वॉर्डात गेलेली दुसऱ्या वॉर्डाला न मिळणं, हे त्रास गेले.

तेव्हाही लोक म्हणत होते की आता टेक्निशियन कशाला. झालं काय? डार्करूम गेली. डेव्हलपर, फिक्सर, पाण्यात धुणं, हँगरवर वाळवणं, हे सगळं बंद झालं आणि त्यातलीच काही कामं संपली. आपल्या जुन्या सरकारी हॉस्पिटलांत अंधाऱ्या खोलीत काम करणारा सहायक असायचा, ते पद आता नावालाच उरलंय. पण माणसाला मशीनसमोर उभं करणारा टेक्निशियन राहिला, आणि त्याच्यावर फोटोंची संख्या वाढली, कारण फोटो काढणं स्वस्त आणि पटकन झालं की डॉक्टर जास्त लिहून देतात. माझा अंदाज असा की एआयमुळेही आधी हेच होईल. काम जाईल त्यापेक्षा वाढेल.

आपल्याकडे निवृत्त सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. माजी सैनिक आधी पॉलिक्लिनिकमध्ये जातो, तिथून गरज पडली तर लष्करी हॉस्पिटलात किंवा पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात पाठवतात. मुंबईत नौदलाचं आयएनएचएस अश्विनी कुलाब्याला आहे. भिवंडीहून कुलाबा म्हणजे दिवस गेला. म्हणून इथले माजी सैनिक बरेचदा जवळच्या सेंटरवर एक्स-रे काढून घेतात आणि फिल्म पिशवीत घालून पुढे नेतात. पॉलिक्लिनिकमधले तंत्रज्ञ, फार्मासिस्ट, लॅबवाले कंत्राटी असतात, करार संपला की पुन्हा अर्ज. देशासाठी लढलेल्यांचा फोटो काढणाऱ्याची नोकरीसुद्धा वर्षावर्षाच्या हप्त्याने, हे मला थोडं विचित्र वाटतं, पण तो वेगळा लेख होईल.

मुद्दा असा की या वयाच्या पुरुषांच्या छातीत इतिहास असतो. कुणाला तरुणपणी टीबी होऊन बरा झालाय, कुणी वीस वर्षं बिडी ओढलीय, कुणाची बरगडी मोडून जुळलीय. टीबी बरा झाला तरी फुप्फुसावर डाग, आकुंचन, चुन्याचे ठिपके राहतात. एआयचं काम तपासणाऱ्या अभ्यासांत हेच दिसलंय की ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय आणि जे वयस्कर आहेत, त्यांच्यात सॉफ्टवेअर जास्त चुकतं, बरा झालेला डागही संशयित म्हणून दाखवतं. वीस वर्षांच्या लूम कामगारासाठी ठीक बसणारी रेषा पासष्ट वर्षांच्या माजी सुभेदारासाठी ठीक बसत नाही. माणूस अशा वेळी काय करतो? विचारतो. ‘काका, आधी कधी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या का? जुना फोटो आहे का घरी?’ जुना फोटो शेजारी लावला आणि डाग तसाच असला, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. बऱ्याच चाळणी-सॉफ्टवेअरला समोरचा एकच फोटो दिलेला असतो. काकांच्या घरी गादीखाली काय आहे, ते त्याला कुठून कळणार.

किरणांचा हिशोब

हातातल्या मशीनबद्दल एक वेगळी काळजी आहे, ती पेशंटपेक्षा काम करणाऱ्याची. छातीच्या एका साध्या एक्स-रेने पेशंटला अंदाजे ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट इतका डोस मिळतो. माती, हवा, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक फोटो हा जास्तीत जास्त दोनेक आठवड्यांच्या नैसर्गिक डोसाएवढा. छातीचा सीटी स्कॅन मात्र पाच-सात मिलिसिव्हर्टपर्यंत जातो, म्हणून ‘मला सीटीच करून द्या’ असा हट्ट करणाऱ्यांशी मी वाद घालते.

पेशंट एकदा येतो. मी दिवसभर असते. पेशंटच्या अंगावर आपटून किरण इकडेतिकडे विखुरतात, ते आमच्या वाट्याला येतात. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की डोस निम्मा होत नाही, चौथा भाग होतो. म्हणून एक्स-रे रूममध्ये आम्ही शिशाच्या आडोशामागे जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे की आमच्यासारख्यांचा डोस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत हवा, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नको. तो मोजायला छातीवर एक छोटा बॅज लावतात, टीएलडी. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. बॅज काहीही अडवत नाही, फक्त हिशोब ठेवतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण नवीन मुलांना वाटतं बॅज लावला की सुरक्षित.

आता गल्लीत भिंत नाही, आडोसा नाही, मशीन हातात किंवा स्टँडवर, आजूबाजूला कुतूहलाने जमलेली पोरं. मशीनची शक्ती कमी असते, लीड एप्रन घालतात, लांबून बटण दाबायची सोय असते. नियम पाळले तर धोका फार कमी. पण ‘पाळले तर’ हे शब्द प्रशिक्षित माणसाच्या जिवावर उभे आहेत. मी एका खासगी सेंटरमध्ये पाहिलंय की टेक्निशियन सुट्टीवर असला की काउंटरवरचा पोरगाच बटण दाबायचा. दार उघडं, बाकावर बाळ घेतलेली बाई. फोटो ठीकठाक यायचा, म्हणून कुणाला काही वाटायचं नाही. फोटो चांगला निघतोय म्हणजे सगळं बरोबर चाललंय, हा समज एआय आल्यावर अजून घट्ट होईल, ही माझी खरी भीती आहे.

तुमच्या फोनमधला एक्स-रे

इथपर्यंत आलात तर थोडं तुमच्याबद्दल. कारण दर दुसरा पेशंट आता फिल्मचा फोटो काढतो, गावी भावाला पाठवतो आणि चॅटबॉटला विचारतो.

एक्स-रेची मूळ फाइल डायकॉम नावाच्या प्रकारात असते. तुमच्या फोनचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असेल, हा फोटो सात-आठ मेगापिक्सेलचाच. पण यात काळ्या-पांढऱ्याच्या ४,०९६ किंवा त्याहून जास्त छटा असतात. तुमच्या जेपीजीमध्ये राखाडी छटा फक्त २५६. डॉक्टर त्यांच्या स्क्रीनवर माउस ओढून उजेड-अंधार बदलतात आणि हृदयाच्या मागे लपलेला डाग वर आणतात. जेपीजीमध्ये ती माहिती उरलेलीच नसते. त्यात तुम्ही फिल्म खिडकीसमोर धरून फोटो काढला, मागे ट्यूबलाइटची सावली आली, आणि व्हॉट्सॲपने आकार आणखी दाबला. मग चॅटबॉट म्हणतो, ‘उजव्या बाजूला थोडी अपारदर्शकता दिसते’. ती तुमच्या बोटांची असू शकते.

टीबीसाठी वापरलेलं सॉफ्टवेअर आणि सर्वसाधारण चॅटबॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे २०२० पासून वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअर हे वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं. पहिला एकाच कामासाठी, मूळ फाइलवर तपासला जातो. दुसऱ्याला तुम्ही कविता लिहायलाही सांगता आणि एक्स-रे वाचायलाही.

पाठवायचाच असेल तर सेंटरकडे डायकॉम फाइल किंवा लिंक मागा, बऱ्याच ठिकाणी देतात. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ‘फोटो’ म्हणून नको, म्हणजे दाबली जाणार नाही. आणि लक्षात ठेवा, डायकॉम फाइलच्या आत तुमचं नाव, वय, तारीख, हॉस्पिटलचा नंबर लिहिलेला असतो. फिल्मच्या कोपऱ्यातही असतो. कुठल्याही ॲपवर चढवलात तर हे सगळं जातं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत. टीबीचं नाव अजूनही लग्न मोडतं आणि खोली सोडायला लावतं. फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी एवढा विचार करा.

मग नोकरीचं काय

२०१६ मध्ये एआयचे मोठे संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, पाच-दहा वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. त्यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रेडिओलॉजिस्ट मात्र आहेत तिथेच आहेत, आणि अमेरिकेत त्यांचा तुटवडा आहे. तिथल्या एफडीएने परवानगी दिलेली एआय वैद्यकीय उपकरणं हजाराच्या पुढे गेलीत, त्यातली बहुतेक याच शाखेतली. तरीही. पुढे खुद्द हिंटन यांनीही मान्य केलं की आपण फार सरसकट बोललो होतो.

माझ्या शाखेत नोकरीचा प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यातल्या आमच्यासारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात रेडिओलॉजी तंत्रज्ञांचा गट आहे, नोंदणी आहे, राज्य परिषदा आहेत. कागदावर पहिल्यांदाच आम्ही ‘बटण दाबणारे’ न राहता व्यवसाय झालो. पण जमिनीवर सरकारी पदं वर्षानुवर्षं रिकामी, भरती निघाली की कंत्राटी, खासगीत पगार असा की गोदामात पॅकिंगला जाणारा माझा शेजारी ओव्हरटाइम धरून माझ्या पुढे जातो. अशा वेळी ‘एआय वाचेल, फोटो कुणीही काढेल’ हे वाक्य टेंडर काढणाऱ्याला फार गोड लागतं. प्रशिक्षित माणसाऐवजी दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर कुणालाही उभं करायचं आणि एआयला दाखवायचं. मशीन घेताना पैसे आहेत, मशीन धरणाऱ्याला नाहीत. माझी नोकरी गेली तर या हिशोबाने जाईल. सॉफ्टवेअर किती हुशार आहे याच्याशी तिचा फारसा संबंध नसेल.

बारावी सायन्सनंतर या लाइनला यायचं का, असं विचारणारी मुलंही बरीच आहेत. या म्हणेन, पण डिप्लोमावर थांबू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी किंवा रेडिओलॉजीतली दुसरी पदवी घ्या, सीटी-एमआरआय शिका, आणि एआयचा आकडा कसा निघतो हेही शिका. पुढे हॉस्पिटलांत असा माणूस लागणार आहे ज्याला एआय कधी चुकतंय ते ओळखता येईल, आणि ते ओळखायला आधी हजारो फोटो स्वतःच्या हाताने काढावे लागतात. कॉलेज निवडताना एकच तपासा: मुलांना खऱ्या पेशंटवर काम करायला मिळतं का, की मशीन काचेतून दाखवतात.

आणि घरात कुणी एक्स-रे काढायला जाणार असेल तर त्यांच्या जुन्या फिल्म शोधून द्या. लोखंडी कपाटावर, कॅलेंडरच्या मागे, गादीखाली, कुठेतरी असतातच. वाकल्या असल्या तरी चालतात. आधी टीबीच्या गोळ्या घेतल्या असतील तर कुठल्या साली ते एका चिठ्ठीवर लिहा. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आत शिरायच्या आधी सांगा, लाजू नका. ताईत घरीच काढून ठेवा, कारण आमच्याकडच्या ड्रॉवरमध्ये आत्ता सात पडलेत आणि न्यायला कुणी आलेलं नाही.